मे महिन्याची सुट्टी, पाटोची लायब्ररी आणि भिरंडांचा डाग

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पणजीच्या सेंट्रल लायब्ररीचा आहे. कागदोपत्री नाव कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पण एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ आहे, आमच्याकडे सगळे पाटोची लायब्ररी म्हणतात, पाटो म्हणजे पणजीतला ती आहे तो भाग. माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा का कापला ते येईलच पुढे, त्यात लायब्ररीचा काही दोष नाही.

तर झालं असं की थर्ड इयरची परीक्षा संपली, शेवटचा पेपर देऊन बाहेर आले आणि तिथेच कॉलेजच्या पायरीवर बसून फोनमध्ये लिस्ट केली, या सुट्टीत वाचायची पुस्तकं, अकरा. अकरा! मागच्या सुट्टीत सात लिहिली होती, त्यातलं एक वाचलं, तेही निम्मं. त्याच्या आधीच्या सुट्टीचं तर बोलूच नका. शाळेत असताना मी गणेश चवथीच्या सुट्टीत माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-भाज्यांची आरास, बांधायची सोडून कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे आणि शिव्या खायचे, ती मी इंजिनियरिंगला गेल्यावर कुठे गेली काय माहीत. सेमिस्टरभर वाचन म्हणजे पीडीएफ, नोट्स, मागच्या पाच वर्षांचे पेपर, आणि सुट्टी लागली की डोळ्यांना नुसता फोन हवा असतो, बोट वर सरकवायचं, बास.

यावेळी म्हटलं पैसे टाकायचे पण वाचायचंच. म्हणून लायब्ररीच्या आधी जे जे केलं ते पण सांगते, कारण तुम्ही पण तेच करणार.

पहिलं, फोनवर ई-बुक. सोपं वाटतं ना, पुस्तक खिशातच. पण त्याच फोनमध्ये क्लासचा ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर सुट्टीतही लोक रिझल्ट कधी म्हणून विचारत असतात, जणू उत्तर माहीत असलेला कोणी तिथे बसलाय. एका संध्याकाळी मी तीन पानं वाचली आणि त्याच फोनवर चाळीस मिनिटं एका माणसाने जुनी लाकडी बोट दुरुस्त केलेली बघितली. बोट छान झाली, कादंबरीचं नाव आता आठवत नाही.

दुसरं, ऑनलाइन मागवलं. कुठून ते लिहीत नाही. दोन भागांची कादंबरी, पहिला भाग ऑर्डर केला, नऊ दिवसांनी बॉक्स आला, उघडला तर दुसरा भाग. परत करायला गेले तर म्हणे तुमच्या पिनकोडवरून पिकअप होत नाही. आमच्या साखळी गावाला पार्सल आणून देता येतं, पण साखळीहून न्यायला येता येत नाही, हे लॉजिक मला कोणीतरी समजावून द्या. तो दुसरा भाग अजून कपाटात आहे, त्यात सगळे आधीच एकमेकांवर रागावलेले आहेत आणि का ते मला कळायचा मार्ग नाही.

तिसरं, एक कॅफे, पुस्तकांचा म्हणून प्रसिद्ध, रील्समध्ये दिसतो तसला. पुस्तकं रंगानुसार लावलेली, निळी निळ्यात, पिवळी पिवळ्यात. मी एक ओढायला गेले तर शेजारची दोन पण आली, एकमेकांना चिकटलेली. कोल्ड कॉफी दोनशेवीस रुपये, आणि दर पंधरा मिनिटांनी पोरगा येऊन एनीथिंग एल्स मॅम. वाचनाच्या नावाने माझे तीन फोटो मात्र चांगले आले.

आणि घर? घरी कोणी वाचू नको म्हणत नाही हो, उलट आमच्या घरात पेपर अख्खा वाचला जातो, आजी तर छोट्या जाहिरातींपासून निधनवार्तेपर्यंत. पण मे महिन्यातलं गोव्यातलं घर ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. पाऊस यायच्या आत सगळं वाळवून डब्यात जायला हवं, मिरच्या, फणसाची साटां म्हणजे फणसपोळी, काजूच्या बिया, आणि सगळ्यात जास्त कुटाणा म्हणजे सोलां. परसात भिरंडांची दोन झाडं आहेत, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं, ती रोज टोपलीभर पडतात. ती फोडायची, बी आणि गर वेगळा करायचा, साल उन्हात टाकायची, मग मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, परत उन्हात, परत रसात, असं चार-पाच वेळा, तेव्हा कुठे ते काळंभोर आमसूल होतं. मनुष्यबळाचं काम आहे. आणि सुट्टीवर आलेली मुलगी म्हणजे मनुष्यबळ.

मी एक गोष्ट नीट बघितलीय. टेक्स्टबुक हातात असलं की चहा जागेवर येतो, कादंबरी असली की भिरंडांची टोपली येते. आई येऊन म्हणणार, "वाचता न्हय? मागीर हात रिकामेच आसात तुजे, हीं भिरंडां फोड मातशीं." आता हात रिकामे कसे, हातात पुस्तक आहे ना! पण तिच्या हिशोबात परीक्षेचं नसलेलं पुस्तक धरलेला हात हा रिकामाच हात. आणि खरं सांगायचं तर माझ्याही हिशोबात तसंच झालं होतं, कारण दुपारी दोन वाजता कादंबरी उघडून बसले की मलाच कसंतरी व्हायचं, काहीतरी चोरून करतेय असं. सेमिस्टर संपलंय, पुढचं सुरू व्हायचंय, अभ्यास असा काही नाहीच, तरी पोटात तो गोळा. इंटर्नशिप शोधायला हवी, कोडिंगचा कोर्स करायला हवा, मैत्रिणीने केला, वगैरे.

म्हणून एक दिवस ठरवलं की कॉलेजला जाते तसंच जायचं. सकाळी आठची बस, डबा, पाण्याची बाटली. आईला सांगितलं लायब्ररीत जाते. लायब्ररी हा शब्द ऐकून तिने डब्यात एक पोळी जास्त घातली. मी खोटं बोलले नाही, बरं का.

आता लायब्ररीबद्दल. आमची बस जुन्या गोव्यावरून रायबंदरला येते आणि तिथून तो लांब सरळ रस्ता, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजन म्हणजे खारी शेतजमीन, तो रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला पूल आहे, तीन किलोमीटरच्या वर. त्याच्या टोकाला पाटो. तिथे कदंबा बसस्टँडवर उतरायचं आणि चालत जायचं, रिक्षा बिक्षा काही नको. फक्त मे महिन्यात साडेनऊचं ऊन पण डोक्यात जातं आणि पाटोला सावली म्हणजे बँकांच्या बिल्डिंगची पडेल तेवढीच, झाड शोधावं लागतं. हाच तो अर्धा स्टार. छत्री न्या, पावसात पण तीच चालेल.

बाहेरून इमारत नवीच दिसते म्हणून वाटत नाही, पण ही लायब्ररी १८३२ ची आहे. देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत हिचं नाव घेतात. पोर्तुगीज काळात पब्लिका लिव्हरारिया म्हणून सुरू झाली, मग १८३४ नंतर ख्रिस्ती धर्मसंघांचे मठ बंद केले तेव्हा त्या मठांतली पुस्तकं इकडे आली, मग नावं बदलत गेली, वास्को द गामाचं पण नाव होतं मध्ये, आणि कितीतरी वर्षं ती पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती, जिथे दारातच त्या निळ्या पोर्तुगीज टाइल्स आहेत. बाबा कॉलेजात असताना तिथे जायचे, ते अजून म्हणतात खरी लायब्ररी तीच, तिथे पुस्तकांचा वास यायचा. मी म्हटलं बाबा तो दमटपणाचा वास. ते रागावले.

आणि आताचं नाव ज्याच्यावरून आहे तो कृष्णदास शामा केळशीचा, सासष्टीतला, १५२६ साली त्याने कृष्णाची कथा ओव्यांत लिहिली, मराठीत. आणि कोकणीवाले म्हणतात कोकणी गद्याची सुरुवातही त्याच्यापासूनच धरा. म्हणजे दोन्ही बाजू ज्याला आपला म्हणतात त्याच माणसाचं नाव गोव्याच्या लायब्ररीला आहे, एवढी वर्षं भाषेवरून भांडून एवढ्या एका गोष्टीवर तरी एकमत झालं. मला तर हे नाव फार लागू पडतं, कारण मी पण तसलीच, घरात भांडते कोकणीत, वाचते मराठीत, आणि परीक्षा इंग्लिशमध्ये. इथे तिन्हीची कपाटं आहेत, पोर्तुगीज वेगळं. मी आधी सवयीने इंग्लिशकडे वळले, मग मराठीकडे गेले आणि तिथेच राहिले.

पहिला दिवस वाया गेला. खरंच. छान जाड कादंबरी काढली, नाव सांगत नाही, नाहीतर लगेच लोक म्हणतात हे अजून वाचलं नव्हतंस? गार, शांत, खुर्ची मिळाली, कोणी हाक मारत नाही, आता अजून काय पाहिजे. पण वाचायला बसले तर हातात पेन्सिल. मी काढली कधी हेच कळलं नाही. दहाव्या पानावर नायिकेच्या वडिलांचा स्वभाव दोन वाक्यांत सांगितलाय आणि माझ्या डोक्यात आलं, हे पाच मार्काला येईल. पुढे पूर आला त्या प्रसंगाची मी मनातल्या मनात कारणं मोजली, एक, दोन, तीन. आणि सारखी मागची पानं उलटून नावं चेक करत होते की हा शंकर म्हणजे तोच ना, जणू व्हायव्हाला कोणी विचारणार आहे. तासाला चाळीस पानं या स्पीडने तीनशेवीस पानांना आठ तास, म्हणजे दोन दिवसांत संपवायचं, हे पण काढून झालं. तीन वर्षांत वाचणं म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी नंतर सांगण्यासाठी साठवणं, एवढंच उरलं होतं. ते पुस्तक सत्तावन्नाव्या पानावर ठेवून दिलं. कपाटात परत ठेवताना पण वाटलं, बॅकलॉग राहिला.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल घरी ठेवली आणि कादंबरीच्या नादी लागलेच नाही, जुने दिवाळी अंक मागितले. हे माझं एकमेव गंभीर रेकमेंडेशन समजा. अभ्यासातून नुकतं बाहेर आलेल्या माणसाने कादंबरीवर उडी मारू नये, दिवाळी अंक घ्यावा, जितका जुना तितका मजेशीर. १९०९ साली मनोरंजन मासिकाने पहिला काढला म्हणतात तेव्हापासून मराठी माणसाने काय काय भरलंय त्यात, कथा, प्रवासवर्णन, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य, आणि मध्ये मध्ये केसांच्या तेलाच्या जाहिराती. कुठूनही उघडा, नाही आवडलं तर सोडा, दहा पानांत गोष्ट संपते. मी एका अंकात आदल्या पिढीतल्या कोणाचं तरी वर्षाचं राशिभविष्य पूर्ण वाचलं, माझ्या राशीचं, परदेशगमनाचा योग होता. मग एक विनोदी कथा वाचली, त्यात एक काका लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात जेवून येतात आणि आहेर पण देऊन येतात, आणि मी फस्सकन हसले. जोरात.

तिथे बहुतेक लोक अभ्यासाला बसलेले असतात, स्पर्धा परीक्षा, भरतीच्या परीक्षा, जाडजूड गाइडं, कानात बोळे. समोरचा मुलगा सकाळपासून एकदाही मान वर न करता जनरल नॉलेज पाठ करत होता, त्याने मान वर केली. मी सॉरी म्हटलं. त्याने अंकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "हें खंयच्या परिक्षेक आसा?"

म्हटलं कुठल्याच नाही. तो जरा वेळ बघत राहिला. जेवणाच्या सुट्टीत बघते तर माझ्या जागेवर बसून तो अंक चाळतोय, व्यंगचित्रांची पानं.

एक मान्य करायला हवं, ही सगळी अभ्यास करणारी मंडळी आजूबाजूला नसती तर माझं वाचन झालं नसतं. घरी मी एकटी रिकामी असते, इथे सगळे पुस्तकात मान घालून बसलेले, त्यात मी पण एक, कोणाला काय कळतंय माझ्या पुस्तकात व्होल्टेज आहे की विहिरीत पडलेला बैल. तिसऱ्या दिवसापासून पोटातला गोळा गेला. चौथ्या दिवशी घड्याळ बघायचं विसरले आणि डबा तीन वाजता खाल्ला. नाहीतर एरवी मी जेवायला खाडी ओलांडून मळा या पणजीच्या जुन्या भागात जायचे, तिकडे पातळ भाजी आणि पाव मिळतो, वर मिरची, आणि परत येताना जुन्या घरांच्या सावलीतून येता येतं, अर्धा तास जातो पण डोळ्यांना बरं वाटतं.

मेंबरशिप नक्की काढा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो सगळं एकदमच घेऊन जा म्हणजे दोन फेऱ्या होत नाहीत. मेंबर झालात की पुस्तक घरी नेता येतं, आणि खरी गंमत पुस्तकापेक्षा त्या परतीच्या तारखेत आहे. विकत घेतलेलं पुस्तक कधी वाचायचं हे कोणी विचारत नाही म्हणून ते कपाटात म्हातारं होतं. माझ्याकडे शाळेतल्या बक्षिसाचं एक अजून तसंच आहे, आत चिकटवलेल्या लेबलसकट. लायब्ररीचं मात्र परत द्यायचंय. सबमिशनची भीती आपल्यात इतकी मुरलीय ना, की तारीख दिसली की आपण वाचतोच. तीन वर्षांच्या शिक्षणाचा हा एक उपयोग.

पणजीला रोज येणं जमत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणची लायब्ररी बघा. गोव्यात १९९३ चा ग्रंथालयाचा कायदा आहे, त्याखाली सरकारी लायब्ररींचं जाळं आहे, फक्त आपण तिकडे परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तेव्हाच जातो. मी तरी तेव्हाच गेले होते.

आता डागाचं. दुसऱ्या आठवड्यात मी एक कादंबरी घरी आणली, यावेळी नीट लागली, म्हणजे बसमध्ये रायबंदरच्या त्या पुलावर उघडली ती साखळी येऊन गेली तरी कळलं नाही, कंडक्टर ओळखीचा म्हणून त्याने हाक मारली. घरी आले आणि रात्री जेवणानंतर ओसरीवर बसून वाचत होते. शेजारी आई आणि आजी भिरंडं फोडत होत्या आणि मला वाटलं एका हाताने पान उलटायचं आणि एका हाताने भिरंड दाबायचं, दोघी खूश. दोन-चार जमली. पाचवं पिकून नरम झालं होतं, ते फचकन फुटलं आणि रस थेट एकशेबारा पानावर. भिरंडांचा रस माहीत असेल तर कळेल, तो कपड्यावरून जात नाही, कागदावरून काय जाणार. आजी म्हणाली राख लाव. आई म्हणाली पावडर लाव. मी पावडर लावली आणि आता त्या पानाला गुलाबी डाग आहे आणि पावडरचा वास पण आहे, नायिका नेमकी तिथेच घर सोडून निघालेली.

दुसऱ्या दिवशी गेले, काउंटरवर स्वतःच उघडून दाखवलं, म्हटलं नवीन आणून देते किंवा दंड सांगा. बाईंनी पान उजेडाकडे धरलं, वास घेतला, आणि म्हणाल्या, "घरा सोलां घालतात काय गो?" हो म्हटलं. "पुस्तकाक लेगीत सोलकडी दिली काय?" म्हणजे पुस्तकाला पण सोलकडी पाजलीस का. मग पुस्तक बाजूला ठेवलं, म्हणाल्या पुढच्या वेळी कव्हर घालून वाच आणि हात धुऊन. मी म्हटलं वाचून झालं नाही अजून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तक परत माझ्या नावावर केलं आणि दिलं. मी हा रिव्ह्यू लिहायला बसले त्याचं कारण खरं म्हणजे हे आहे.

आता अकराच्या लिस्टचं विचाराल तर एक कादंबरी चालू आहे, पाच दिवाळी अंक झाले, एक प्रवासवर्णन झालं, आणि यातलं एकही त्या लिस्टमध्ये नव्हतं. लिस्ट डिलीट केली. इंटर्नशिपचा फॉर्म पण भरला, सकाळी लायब्ररीत जायच्या आधी, दहा मिनिटं लागली.

सोमवारी कॉलेज सुरू होतंय आणि पुस्तकाची तारीख पण सोमवारचीच आहे. अडुसष्ट पानं राहिलीत. काल रात्री विजा चमकत होत्या म्हणून आई म्हणते उद्याच्या उद्या सगळी भिरंडं उतरवायची, म्हणजे रविवार गेला. मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय पुस्तकाला, निधनवार्तेचं पान आलंय पुढे, आजी दोनदा थांबून ते वाचून गेली. सोमवारची आठची बस आहे, साखळी ते पाटो तास-सव्वा तास. रायबंदरला कधीकधी ट्रॅफिक लागतं, ते लागू दे.